चळवळी फुटतात कधी? हरल्यावर की जिंकल्यावर?

अर्धविराम (धागाकर्ता)

एखादी चळवळ का फुटली असं विचारलं की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, नेत्यांचे अहंकार. दोन, सरकारने फोडली. दोन्ही खरी असतात, पण त्यातून फारसं कळत काहीच नाही. नेते चळवळ एकसंध असतानाही तेवढेच अहंकारी असतात आणि सरकार पहिल्या दिवसापासून फोडायलाच बसलेलं असतं. मग ती नेमकी त्याच वर्षी का फुटली?

माझं मत असं की फुटीची रेघ बहुतेक वेळा चळवळ जमते त्याच दिवशी आखली जाते. एकमेकांशी न पटणारी माणसं एका मागणीवर एकत्र येतात, आणि एकत्र येता यावं म्हणून काही प्रश्न 'ते नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवतात. हे 'नंतर' ज्या दिवशी येतं त्या दिवशी भांडण सुरू होतं. आणि ते बऱ्याचदा विजयासोबत येतं.

संयुक्त महाराष्ट्र समिती बघा. फेब्रुवारी १९५६मध्ये पुण्यात स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे सगळे त्यात. १९४२च्या आंदोलनातल्या भूमिकेवरून समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांना किती पाण्यात बघत होते हे आठवा. तरी एस. एम. जोशी आणि डांगे एका व्यासपीठावर आले, कारण मागणी एकच होती: मुंबईसह महाराष्ट्र. १९५७च्या निवडणुकीत समितीने काँग्रेसला घाम फोडला. १ मे १९६०ला राज्य मिळालं, पण बेळगाव-कारवार बाहेर राहिलं. लगेच प्रश्न आला, काम संपलं की अर्धं राहिलं? प्रजासमाजवादी बाहेर पडले, बाकीचे सीमाप्रश्न धरून बसले. १९६२ला काँग्रेसने २६४पैकी २१५ जागा घेतल्या. राज्यासाठी लढणारे विरोधात आणि राज्य काँग्रेसच्या हातात.

पोलंडची सॉलिडॅरिटीही तशीच. ऑगस्ट १९८०, ग्दान्स्कची जहाजगोदी. अ‍ॅना वॅलेन्टिनोविच या क्रेनचालक बाईला कामावरून काढलं म्हणून संप झाला. त्यातून २१ मागण्या निघाल्या आणि साधारण एक कोटी सभासदांची संघटना उभी राहिली. १३ डिसेंबर १९८१ला लष्करी कायदा लागला, नेते तुरुंगात गेले, संघटना बेकायदा ठरली, आणि तरीही ती टिकली. जून १९८९च्या निवडणुकीत जिंकली, आणि १९९०च्या अध्यक्षीय निवडणुकीत वालेसा आणि माझोवियेत्स्की, म्हणजे संपाचे पुढारी आणि त्यांचेच सल्लागार राहिलेले पंतप्रधान, समोरासमोर उभे राहिले. गंमत म्हणजे माझोवियेत्स्की तिसरे आले. दुसऱ्या क्रमांकावर परदेशातून आलेला, कुणाला फारसा माहीत नसलेला एक व्यापारी. कामगारांनी गोदी बंद पाडली तेव्हा 'नंतर कारखाने कुणाचे' हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. १९९०मध्ये तो बेकारीच्या रूपाने दारात उभा होता.

याच्या उलट जाणारी उदाहरणं असतील तर लिहा. निव्वळ 'सहमत' नको.

---

दगडफूल

उलट उदाहरण घ्या. दलित पँथर. जिंकायच्या आधीच फुटली.

१९७२ला मुंबईत स्थापना. मागे दोन गोष्टी होत्या. अत्याचारांच्या नोंदी असलेला एलायापेरुमल समितीचा अहवाल आला होता आणि त्यावर हालचाल नव्हती. दुसरं, रिपब्लिकन पक्ष. १९५७ला स्थापन झालेला पक्ष दोनेक वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशा नावांच्या गटांत विभागला गेला, आणि सत्तरच्या सुमाराला गटांची यादी पाठ करावी लागत होती. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही पोरं त्या गटबाजीच्या रागातूनच उठली. म्हणजे फुटीला विरोध म्हणून जन्मलेली संघटना.

जानेवारी १९७४ला वरळीत दंगल, मग परळला मोर्चावर हल्ला आणि त्यात भागवत जाधव मारले गेले. त्याच दिवसांत मध्य मुंबईतली लोकसभा पोटनिवडणूक होती. पँथरने बहिष्कार घातला, काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. हा पँथरचा सर्वांत दणदणीत परिणाम, आणि त्याच वर्षी ढाले-ढसाळ वाद उघड्यावर आला. मार्च १९७७ला ढाले आणि पवारांनी संघटना बरखास्त केल्याचंच जाहीर केलं. दुसऱ्या बाजूने अरुण कांबळे, रामदास आठवले वगैरेंनी भारतीय दलित पँथर चालू ठेवली.

इथे विजय कुठे आहे? मारहाण आहे, खटले आहेत, दमछाक आहे.

---

अर्धविराम

@दगडफूल, वादाचा विषय काय होता ते तुम्ही गाळलंत. १९७३चा जाहीरनामा. त्यात दलित कोण, तर अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे शोषित. ढाल्यांच्या बाजूचं म्हणणं असं की हा कम्युनिस्टांचा मसुदा आहे, आपला पाया बुद्ध आणि बाबासाहेब. म्हणजे 'आपण' कोण हा प्रश्न. संघटना १९७२ची आणि जाहीरनामा १९७३चा. आधी माणसं जमली, मग ओळख लिहायला घेतली आणि लिहिताना कळलं की प्रत्येकाच्या मनात वेगळी होती. हे माझ्या म्हणण्यातच बसतं.

---

चिमटा

बसणारच. जिंकले आणि फुटले तर 'नंतर' आलं म्हणून. हरले आणि फुटले तर 'नंतर' लवकर आलं म्हणून. हा सिद्धान्त कधीही नापास होणार नाही, कारण पेपर तुम्हीच काढता आणि तुम्हीच तपासता.

खरी कसोटी अशी. ज्यांनी अवघड प्रश्न बाजूला ठेवले आणि तरीही फुटले नाहीत, असं कुणी दाखवा.

---

सावळी

गिरणी संप. १८ जानेवारी १९८२पासून. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं अशा मागण्या होत्या, पण कळीचा मुद्दा हा की १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त संघटना एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. वाटाघाटीचा हक्क तिलाच. कामगारांचा तिच्यावर विश्वास नाही आणि दुसरी संघटना कायद्याला दिसत नाही. म्हणून ते कामगार नेते दत्ता सामंतांकडे गेले. सामंत त्यांना गोळा करायला गेले नव्हते.

हा संप नेत्यांच्या पातळीवर फुटला नाही. मागेही घेतला गेला नाही, आजतागायत नाही. फक्त माणसं एकेक करून गावी गेली, यंत्रमागावर लागली, काही जण मान खाली घालून कामावर परतले, आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. वरून अभंग, खालून रिकामा.

माझ्या मते धाग्याचा प्रश्नच थोडा तिरका आहे. फूट दिसते कारण दोघे जण पत्रकार परिषद घेतात. ओसरणं दिसत नाही कारण घरी गेलेला माणूस निवेदन काढत नाही. चळवळी फुटून संपतात त्यापेक्षा ओसरून जास्त संपत असाव्यात, पण इतिहास लिहिला जातो तो भांडणांचा.

---

रेघोटी

सावळी +१.

फुटण्याच्या आधी जमण्याबद्दल बोला ना कुणी. सगळे थेट भांडणावर उतरलेत.

अमेरिकेतल्या माँटगोमरीची गोष्ट शाळेत सांगतात ती अशी: १ डिसेंबर १९५५, रोझा पार्क्स दमल्या होत्या, बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत, आणि काळ्यांची चळवळ सुरू झाली. असं काही घडत नसतं. रोझा पार्क्स आधीपासून संघटनेच्या कामात होत्या. जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांच्या महिला मंडळाने मे १९५४मध्येच महापौरांना बसवर बहिष्काराचा इशारा देणारं पत्र पाठवलं होतं. मार्च १९५५मध्ये क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची मुलगी जागेवरून उठली नाही म्हणून पकडली गेली होती, पण पुढाऱ्यांनी तिच्या अटकेवर आंदोलन उभारायचं नाही असं ठरवलं. डिसेंबरमध्ये अटक झाली तेव्हा रॉबिन्सनबाईंनी रातोरात हजारो पत्रकं छापली, ती वाटायला माणसं तयार होती, आणि चर्चमध्ये जमायला जागा होती. म्हणून बहिष्कार ३८१ दिवस टिकला.

ठिणगीला फार मोठेपण दिला जातो. ठिणग्या रोज पडतात. आधीपासून एकमेकांना ओळखणारी, निरोप पोचवणारी माणसं जिथे असतात तिथेच काही पेटतं. पँथरच्या आधीही लघुनियतकालिकं होती, वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्या होत्या.

आता माझा मुद्दा. ज्या जाळ्यांतून चळवळ शिवली जाते, त्याच शिवणीवर ती उसवते. अमेरिकेत चर्चचं जाळं एक आणि कॉलेजच्या पोरांचं दुसरं. एप्रिल १९६०मध्ये विद्यार्थ्यांची बैठक भरली तेव्हा एला बेकर यांनी त्यांना सांगितलं की मोठ्यांच्या संघटनेची शाखा होऊ नका, स्वतंत्र राहा. त्यातून विद्यार्थ्यांची समन्वय समिती झाली. १९६६ला त्याच समितीत जॉन लुईस अध्यक्षपदावरून गेले, स्टोक्ली कारमायकेल आले आणि 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा निघाली. अर्धविराम म्हणतील की अहिंसा हे तत्त्व की डावपेच हा प्रश्न पुढे ढकलला होता. असेल. पण खेड्यात मार खाणारा पोरगा आणि शहरातून भाषण करायला येणारे पाद्री यांचं आयुष्यच वेगळं होतं, त्याला प्रश्न ढकलायची गरज नव्हती.

---

बांधावरून

शेतकरी संघटनेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. लांबेल.

शरद जोशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतली. १९८०ला आधी चाकणचा कांदा, मग नाशिककडे कांदा आणि ऊस. कार्यक्रम एककलमी: शेतमालाला रास्त भाव. जात, जमिनीचं वाटप, मजुरी हे विषय आमच्यासमोर बाहेरचे लोक सारखे मांडायचे. उत्तर ठरलेलं होतं, भाव मिळाला की मजुरी वाढेल. ते बरोबर की चूक हा वाद आज नको. पण एका कलमामुळे दहा एकरवाला आणि दोन एकरवाला एका रस्त्यावर बसले हे मी पाहिलं आहे. १९८६ला चांदवडला बायकांचं अधिवेशन झालं तेव्हा कलमं वाढली आणि तिथेही पुरुष कार्यकर्त्यांची तोंडं बघण्यासारखी होती.

१९८९ला दिल्लीत बोट क्लबवर देशभरच्या शेतकरी संघटनांचा मेळावा होता. उत्तर प्रदेशातल्या महेंद्रसिंह टिकैतांची माणसं आणि आमची माणसं यांच्यात व्यासपीठावरच धक्काबुक्की झाली. पुढे शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करण्याचा डंकेल प्रस्ताव आला. जोशींनी खुल्या बाजाराचं स्वागत केलं, कर्नाटकात नंजुंडस्वामींनी त्याच प्रस्तावाविरुद्ध रान उठवलं. दोघांच्याही मागे शेतकरीच. पुस्तकात लिहिताना ही मोठी वैचारिक फूट म्हणून लिहितात.

तालुक्यातला कार्यकर्ता डंकेलवरून फुटत नाही हो. तो पिकावरून फुटतो. कापूसवाल्याचं गिऱ्हाईक तेव्हा एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे सरकार. त्याने मुंबईवर मोर्चा न्यायचा. ऊसवाल्याचं गिऱ्हाईक साखर कारखाना, आणि कारखान्याचा चेअरमन त्याच तालुक्यातला, बहुतेक वेळा नात्यातला. त्याचं भांडण दर हंगामात नव्याने होतं, पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, किती यावर. कांदेवाल्याचं गिऱ्हाईक बाजार समितीतला व्यापारी, आणि निर्यातबंदी लागली की दिल्ली. तीन पिकं, तीन शत्रू, तीन कॅलेंडरं. हंगाम तोंडावर असताना ऊसपट्ट्यातल्या पोराला जागतिक व्यापारावरचं भाषण नको असतं, कारखान्याचं गेट कधी अडवायचं ते हवं असतं. राजू शेट्टींनी २००४ला स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली ती ऊसपट्ट्यात, हा योगायोग नाही. आणि २०१७ला सदाभाऊ खोत मंत्रिपदावर असताना त्यांची स्वाभिमानीतून हकालपट्टी झाली. तिथे पीक नव्हतं, खुर्ची होती. तेही लिहायलाच हवं.

निवडणुकीबद्दलही. आम्ही कित्येक वर्षं 'राजकारण नाही' म्हणत होतो. मग १९९४ला स्वतंत्र भारत पक्ष निघाला. मतं मिळाली नाहीत. मोर्चाला येणारा माणूस मत देताना दुसरा असतो. मोर्चात तो शेतकरी असतो, मतदानाच्या दिवशी कुणाचा तरी पाहुणा, कुणाच्या जातीचा, कुणाच्या सोसायटीचा कर्जदार.

---

चिमटा

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. (अर्धविराम, राग मानू नका.)

---

सावळी

बांधावरून काका, मग २०२०-२१चं केंद्राच्या शेती कायद्यांविरुद्धचं दिल्लीच्या सीमेवरचं आंदोलन इतके दिवस कसं टिकलं? तिथे तर चाळीसच्या आसपास संघटना होत्या. डावे, बिगरडावे, खाप (उत्तरेतल्या जातपंचायती), सगळेच.

---

बांधावरून

लांबून पाहिलं, त्यामुळे तेवढंच सांगतो. तिथे एकच संघटना व्हायचा प्रयत्नच कुणी केला नाही. प्रत्येकाचा झेंडा वेगळा, सभासद वेगळे, लंगर आणि निधी आपापला. संयुक्त मोर्चाने ठरवायचं ते फक्त सरकारशी बोलताना काय म्हणायचं आणि पुढचा कार्यक्रम काय. पक्षाच्या पुढाऱ्यांना व्यासपीठ नाही. भांडायला सामायिक मालमत्ताच कमी होती.

तरी तडे गेलेच. २६ जानेवारी २०२१ला आंदोलक लाल किल्ल्यात घुसले त्यानंतर दुसऱ्याच दिवशी दोन संघटना बाहेर पडल्या. वाटलं संपलं. मग दिल्लीच्या गाझीपूर सीमेवर राकेश टिकैत रडले आणि रातोरात ट्रॅक्टर परत फिरले. १९ नोव्हेंबरला कायदे मागे घेण्याची घोषणा, डिसेंबरात मोर्चे उठले, आणि २५ डिसेंबरला पंजाबातल्या २२ संघटनांनी निवडणूक लढवायचं जाहीर केलं. उग्राहान गट गेला नाही. २०२२च्या निवडणुकीत त्या आघाडीचा एकही आमदार आला नाही.

---

अर्धविराम

म्हणजे घोषणेपासून फुटीपर्यंत सव्वा महिना. 'नंतर' वेळेवर पोचलं :)

पण काकांचा सामायिक मालमत्तेचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो महत्त्वाचा वाटतो. नाव, कार्यालय, निधी, सरकारशी बोलायचा हक्क हे जितकं एकाच ठिकाणी साठतं, तितकं त्यासाठी भांडण. ब्रिटनमध्ये पँकहर्स्टबाईंच्या मताधिकार संघटनेत १९०७ला झालं ते हेच. वार्षिक परिषद रद्द करून सगळे अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतले, शार्लट डेस्पर्ड वगैरे बाहेर पडल्या आणि विमेन्स फ्रीडम लीग काढली. १९१४ला तर पोटच्या सिल्व्हियालाच बाहेर काढलं. मागणीवर कुणाचाच मतभेद नव्हता, 'स्त्रियांना मत' यावर सगळ्याच ठाम. भांडण होतं ते निर्णय कुणी घ्यायचा यावर.

---

कावळा

सगळे फुटीवर इतके हळहळताय जणू एकी हीच मोठी गोष्ट.

श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आधीची. १९८९ला दाभोलकरांनी वेगळी महाराष्ट्र अंनिस काढली. दोघांची कामाची पद्धत वेगळी. दोन्ही संघटना वाढल्या, आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दोन्हीकडच्यांनी आपापल्या परीने रेटा दिला. २०१३ला दाभोलकरांचा खून झाल्यावर तो कायदा आला. एकच संघटना राहिली असती तर निम्मी ताकद बैठकीत एकमेकांना समजावण्यात गेली असती.

उलट बाजूही आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५९ला सोबुक्वे यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधून बाहेर पडून पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस काढली. जुन्या संघटनेने काळ्यांना सक्तीने बाळगाव्या लागणाऱ्या पासांविरुद्धची मोहीम ३१ मार्च १९६०ला ठरवली होती. नव्यांनी ती दहा दिवस आधी, २१ मार्चला घेतली. शार्पव्हिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६९ माणसं मेली. गोळीबार सरकारचा, त्यात शंका नाही. पण तारीख स्पर्धेने ठरवली.

---

रेघोटी

आणि चिपको? तिथे ना विजय होता ना खुर्ची. १९७३ला गढवालातल्या मंडल गावात तक्रार साधी होती: शेतीच्या अवजारांसाठी अंगूची लाकडं गावच्या संघाला नाहीत, आणि खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला आहेत. १९७४ला रेणीत गौरादेवी आणि बायका उभ्या राहिल्या. पुढे देशभर, जगभर नाव झालं तसं 'जंगल आमच्या उपयोगासाठी' याचं 'जंगल वाचवा' झालं. चंडीप्रसाद भट्ट पहिल्या बाजूला, सुंदरलाल बहुगुणा दुसऱ्या. मग हजार मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला पंधरा वर्षांची बंदी आली, आणि डोंगरातल्या काही लोकांना वाटलं की आता आपल्यालाही झाडाला हात लावता येत नाही. चळवळ बदलली ती तिच्याकडे बघणाऱ्यांमुळे. बाहेरचं कौतुक ज्या अर्ध्या मागणीला मिळतं ती अर्धी मागणी वाढते.

---

सावळी

फुटलेलं परत जुळलं, असं एकतरी?

---

अर्धविराम

सुरत १९०७. जहाल-मवाळ फुटले, जोडा उडाला, अधिवेशन उधळलं. १९१६ला लखनौला टिळक परत काँग्रेसच्या व्यासपीठावर. मधल्या काळात १९१४ला ते मंडालेहून सुटले, आणि १९१५ला गोखले आणि फिरोजशहा मेहता दोघेही गेले. शिवाय सुरतेनंतर मवाळांनी घटनेत असे नियम केले होते की जहालांना प्रतिनिधी म्हणून येणंच अवघड. ते नियम १९१५च्या मुंबई अधिवेशनात सैल केले गेले. माझ्या मते दार उघडलं ते नियमांनी.

---

चिमटा

माझ्या मते दारावरचे दोघे उरले नव्हते म्हणून उघडलं.

---

दगडफूल

रिपब्लिकन ऐक्य विसरू नका. नव्वदीत लोकांनी अक्षरशः नेत्यांच्या सभा बंद पाडून ऐक्य मागितलं. १९९८ला काँग्रेसशी समझोता करून चार खासदार निवडून आले: प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. चौघेही खुल्या जागांवरून. एवढं यश पक्षाला क्वचितच मिळालं असेल. पुढच्या लोकसभेपर्यंतही ते ऐक्य टिकलं नाही, आणि १९९९ला तर काँग्रेसच फुटल्यावर कुणी कुठल्या काँग्रेसबरोबर जायचं हा नवा प्रश्न आला.

ते ऐक्य चार नेत्यांत झालं होतं. तालुक्यात चारही गटांचे चार अध्यक्ष जागेवरच राहिले, एकानेही पद सोडलं नाही. काकांच्या भाषेत, सामायिक मालमत्ता झालीच नाही आणि ती नाही म्हणून टिकलंही नाही. दिल्लीच्या सीमेवर जे कामी आलं तेच इथे का नडलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

---

बांधावरून

मी प्रयत्न करतो. सीमेवर सरकार समोर होतं आणि मागणी 'कायदे रद्द करा' एवढीच, तिचे चार हिस्से होत नाहीत. निवडणुकीत जागा वाटायच्या असतात. जी मागणी वाटून घेता येत नाही तिच्यासाठी सैल मोर्चा पुरतो. वाटपाचा प्रश्न आला की एक घर लागतं, आणि ते तालुक्यापासून बांधावं लागतं. त्याला आठ-दहा वर्षं जातात. निवडणूक त्याआधी दोनदा येते.